दोन मॅडमचा वर्ग

जाफराबाद,
१४ जुलै २०२४

रेणुका,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन उंबऱ्यात उभा राहून तिकिटावरचं चित्र बघत होता. म्हणाला, "ताई, हे कोणत्या देशाचं हाय?" व्हिएतनाम म्हटल्यावर म्हणतो, "तिथं बी आपलं कोणी हाय का?" मी म्हटलं, आपलं कोणी नाही, ओळखीचं आहे.

फोन का उचलत नाहीस, असं तू विचारलंस. उचलत नाही असं नाही, तुझा नंबर ब्लॉक केलाय. व्हॉट्सॲपवरही. एसटी स्टँडवर तुझी जीप दिसेनाशी झाली आणि मी तिथल्या तिथे ते काम उरकलं. पत्र लिहायचं तुला सुचलं हे बरं झालं. पत्राला तोंडावर उत्तर द्यावं लागत नाही.

पत्र अडीच पानांचं आहे. त्यात मारिसेल हे नाव अकरा वेळा आलंय. मी मोजलं. माझं नाव एकदा, पाकिटावर.

मारिसेल फिलिपिन्सची आहे, मारिसेल चाळिशीची आहे, मारिसेल गाते, मारिसेलने तुला छत्री दिली. तुझ्याबरोबर एकाच वर्गात शिकवते म्हणून मारिसेल तुझी सहशिक्षिका. आणि दिवसभर शाळेत बसून संध्याकाळी तुमच्याकडे दमून आलेल्या मुलांना म्हणे ती आधी पाच मिनिटं बाकावर डोकं ठेवून पडू देते, मग इंग्रजी सुरू करते. वा! आपण तीन वर्षं झेडपीच्या शाळेत, शाळा सुटल्यावर, पाच ते सहा वर्ग घेतला तेव्हा पोरांच्या हातावर आधी शेंगदाणे-गूळ ठेवायचो. ते सांगितलंस का तिला? का जाफराबादची गोष्ट विमानतळावरच काढून घेतात?

इकडची काळजी करू नकोस. तू गेल्यावर हेडमास्तर सर्जेराव सरांनी मला नवा जोडीदार दिलाय. सुमित नाव. बी.ए. इंग्लिश, संभाजीनगरात शिकलेला. आवाज असा खणखणीत की मैदानापलीकडे शेळ्या मान वर करतात. मुलं खूश आहेत. तुझी आठवण कोणी काढत नाही, हे सांगायला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला बोलू?

तब्येत सांभाळ. तिकडे म्हणे पाऊस फार.

दैवशाला


जाफराबाद,
२५ ऑगस्ट २०२४

रेणुका,

दुसरं पत्र आलं. मी आता एक नियम केलाय, तो तुला सांगून ठेवते. तुझं पत्र वाचायला घ्यायचं, आणि मारिसेल हे नाव जिथे येईल तिथे घडी घालून ते ज्वारीच्या कोठीवरच्या डब्यात टाकायचं. पुढचं वाचायचं नाही. या खेपेला पहिल्या पानाच्या सातव्या ओळीपर्यंत पोहोचले. तेव्हा घडीच्या खाली तू काही महत्त्वाचं लिहिलं असशील तर मला माहीत नाही. तक्रार असेल तर तिच्याकडे कर.

आई परवा म्हणाली, "दैवा, तुझ्या पोटात दुखून राह्यलं." मी म्हटलं, दुखतंय, मग? ओवा खाऊन थांबणारं दुखणं नाही हे.

सहाव्या ओळीत तू लिहितेस, "इथे आम्ही दोघी मिळून शिकवतो. एक शिकवते, दुसरी चुकते, मुलं तिला सुधारतात." इथे! जसं काही ते भाताच्या खाचरात उगवलंय! ही पद्धत कुठल्या वर्गात जन्मली? कोणाच्या डोक्यातून निघाली? तू विसरली असशील तर सांगते. भिंतीवर दोन तक्ते होते, एक घरच्या माणसांचा, एक जनावरांचा. मी छडी घेतली, मुद्दाम म्हशीवर ठेवली आणि म्हटलं, "धिस इज माय हजबंड." तू मुलांकडे वळून विचारलंस, "चिल्ड्रन, इज शी राईट?" आणि तीन महिने तोंड न उघडलेली प्रियदर्शनी बाकावर उभी राहून ओरडली, "नो मॅडम! बफेलो!" ते तिचं पहिलं इंग्रजी.

नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या बाईने भर वर्गात म्हशीला नवरा म्हणायचं, याला छाती लागते. गाव आठ दिवस हसत होतं. आईने दोन दिवस मला जेवायला वाढलं नाही, स्वतःच घे म्हणाली. त्या दिवसापासून मी चुकणारी मॅडम आणि तू बरोबर मॅडम. तीन वर्षं मी कांद्याला सफरचंद म्हटलं, बसला बकरी म्हटलं, आणि पोरं बोलायला लागली.

मग परदेशातल्या नोकरीसाठी आपण पाठवलेला तो आपल्या वर्गाचा सात मिनिटांचा व्हिडिओ. फॉर्मवर आपली दोघींची नावं. जागा एकच निघाली तेव्हा मुलाखतीला तुला बोलावलं, मला नाही. मला का बोलावतील? सात मिनिटं मी त्यात चुकतेच आहे. माझ्याबद्दल त्यांनी तुला काही विचारलं का, हे मी स्टँडवर तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, "नाही ताई, काहीच नाही," आणि पिशवीची चेन लावायला लागलीस. ती चेन आधीच लावलेली होती, रेणुका.

सुमितचं छान चाललंय. त्याला चुकायला आवडत नाही, पण शिकवतो उत्तम.

दैवशाला


जाफराबाद,
६ ऑक्टोबर २०२४

रेणुका,

पत्र लहान लिहिते, हात दुखतोय. फळा पुसून पुसून.

तुझं पत्र या वेळी नियमात जरा जास्त टिकलं. दुसऱ्या पानापर्यंत तिचं नाव नव्हतं. तिकडची मुलं तुला "को" म्हणतात, को म्हणजे बाई, हे वाचलं. तुला तिखट मिळत नाही हेही वाचलं. आईने लगेच ठेचा करायला घेतला आणि मग तिला आठवलं की आपण तुझ्यावर रागावलोय. तरी केला. आम्हीच खाल्ला.

इकडे बत्तीस मुलं झाली आहेत. सोयाबीन काढायला आई-बाप रानात, त्यामुळे धाकटी भावंडंसुद्धा काखेत घेऊन येतात. घसा पार बसलाय. सर्जेराव सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्यानं किती वरडायचं?" म्हणजे तसं नाही, सुमित त्या दिवशी आला नव्हता. एरवी येतो. तो उभ्यानेच शिकवतो, त्यामुळे दुसरी खुर्ची रिकामीच असते. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मी तुझी जुनी कापडी पिशवी ठेवते, तीच, खडूंची.

तुला एक विचारायचं होतं. मारिसेल तुला वर्गात मध्येच थांबवते का? मी थांबवायचे, तू चिडायचीस. ती थांबवत असेल तर तू चिडत नसशील. आपलं ते कार्टं आणि दुसऱ्याचा तो बाब्या, असं उलटंच आहे तुझं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. दिलंस तर तिचं नाव न घेता दे.

दैवशाला


जाफराबाद,
२४ नोव्हेंबर २०२४

रेणुका,

दिवाळीचा फोटो मिळाला. फोटोला घडी घालता येत नाही हे तुला माहीत होतं का?

तर हीच ती. बुटकी आहे. मला उगाच उंच वाटत होती. तुझ्या खांद्यावर हात ठेवलाय तिने, आणि तो नुसता फोटोपुरता ठेवलेला नाही, नेहमी ठेवते असा आहे. तू माझ्या शेजारी उभी राहिलीस की आपल्यामध्ये एक वीत अंतर असायचं. बघ आपला शाळेतला फोटो. मी ताई होते ना. ताईच्या गळ्यात कोण हात टाकतं?

मी सरळ लिहिते. तू गेलीस याचा मला हेवा आहे. विमानात बसलीस याचा, कोणी कुठलं आडनाव, कोणाची सून, का परत आली, असं विचारत नाही अशा गावात तू भाजी घ्यायला जातेस याचा. इथे मी स्टँडवर जीपची वाट बघत उभी राहिले तरी कोणीतरी विचारतंच, "काय दैवशाला, सासरचं काही जमून राह्यलं का?" इथून सुटायची एकच खिडकी मला दिसली होती, तीही तुझ्याबरोबर. पण हे सगळं एकवेळ मी गिळलं असतं. माझ्या खुर्चीवर दुसरी बाई बसलीय आणि तुला ती आवडतेय, हे गिळवत नाही. लेकराला दुसऱ्याच्या कडेवर हसताना बघून बाईचं होतं तसं माझं झालंय, आणि तू काही माझं लेकरू नाहीस.

तुझ्या आईला फोटो दाखवला. सखूबाई म्हणाल्या, "ही गोरी बाई चांगली दिसती." मी म्हटलं, गोरी कुठे, उजेड पडलाय.

पत्राची मात्र पहिली ओळच "मारिसेल आणि मी" अशी होती, म्हणून ते आख्खंच डब्यात गेलं.

सुमितने मुलांकडून नाटक बसवून घेतलंय. फारच सुंदर झालं.

दैवशाला


जाफराबाद,
२ फेब्रुवारी २०२५

रेणुका,

परवा तुझं जाडजूड पाकीट आलं. सहा पानं. पोस्टमन म्हणाला, "एवढं काय लिव्हलं असंल?" मलाही वाटलं, या वेळी नियम मोडावा. चहा करून, पाय पसरून बसले.

पान दीड छान गेलं. तिकडे थंडी आहे, तू दोन स्वेटर घालून शिकवतेस, एका मुलीने तुला कागदाचं फूल दिलं. मग तू लिहिलंस, "ताई, आता जे सांगणार आहे ते सांगायचा धीर मला आठ महिने झाला नाही." माझा चहा तसाच राहिला. आणि त्यापुढची ओळ काय? "मारिसेल म्हणते की."

मारिसेल म्हणते! आपल्या दोघींमधलं काही सांगायचं तर तेही तिच्या तोंडून? तू तिला आपलं सगळं सांगितलंस, माझं माहेर, माझा नवरा, स्टँडवरचं भांडण, आणि आता ती मला निरोप धाडणार? मी घडी घातली. इतकी दाबून घातली की कागद फाटला थोडा.

तुला काय सांगायचं असेल ते मला कळलंय. तिच्याबरोबर तू अजून एक वर्ष राहणार असशील. राहा. माझी परवानगी कशाला लागते?

आमचं इकडे उत्तम चाललंय.

दैवशाला


जाफराबाद,
२७ फेब्रुवारी २०२५

रेणे,

आज दुपारी तुझी आई आली होती. डोक्यावर गाठोडं. माझ्या आईने पाणी दिलं, त्या ते प्याल्या नाहीत, आधी गाठोडं सोडलं. आत नवीकोरी घोंगडी. काळी, काठाला पांढरी रेघ.

म्हणाल्या, "दैवा, ही तेवढी घेऊन जाय. जड हाय, पर तिकडं थंडी लई हाय म्हणती. एक रेणूला हाय, एक तुला."

मी विचारलं, "कुठे घेऊन जाऊ?"

"आता कुठं म्हून काय इचारती? तू बी चालली ना तिकडं. पोरीनं म्हैनाभर आधी सांगितल्तं मला. म्हणली, आई, दैवाताईला तू काही इचारू नको, तिला तिच्या मनानं ठरवू दे. म्हून म्या गप बसले. आज म्हटलं, जायचा टाइम आला असंल, मंग घोंगडी कवा देऊ?"

माझी आई माझ्याकडे बघायला लागली. मला काहीच माहीत नव्हतं, हे तुझ्या आईला सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, "हो मावशी, ठेवा." त्या गेल्यावर स्टूल लावून डबा काढला.

सगळ्या घड्या उघडल्या, रेणे. एक एक.

ऑगस्टच्या पत्रात घडीखाली तू लिहिलं होतंस, "मारिसेल पुढे उभी राहते आणि मी चुकते. पहिल्या दिवशी मुलं हसली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तू तीन वर्षं रोज हे कसं केलंस?" ऑक्टोबरच्या पत्रात, "मारिसेलला आपला व्हिडिओ दाखवला. ती तुझ्याकडेच बघत होती." नोव्हेंबरच्या, "मारिसेल आणि मी रोज तुझा एक धडा करतो. त्याला ती दैवा लेसन म्हणते." दिवाळीपासून त्या देशात माझ्या नावाचा धडा चाललाय आणि मी इथे तिच्या उंचीला नावं ठेवत बसले.

मग ते जाड पाकीट. फाटलेल्या घडीच्या खाली तुझं अक्षर वाकडं झालंय.

"मारिसेल म्हणते की खरं सांगितल्याशिवाय तुझ्या ताईला बोलावू नकोस. म्हणून सांगते. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, व्हिडिओतल्या दुसऱ्या बाईंना खरंच इंग्रजी येत नाही का? मी गप्प बसले. ताई, मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की तिला माझ्याहून चांगलं येतं, आणि मी गप्प बसले. मला कळत होतं, मी बोलले तर जागा तुला जाईल. स्टँडवरही मी खोटं बोलले."

त्याच्याखाली, "मारिसेल मार्चअखेर तिच्या मुलीकडे परत चाललीय. तिच्या जागी कोण, हे तिलाच विचारलंय आणि तिने तुझं नाव दिलंय. म्हणाली, जी बाई इतकी छान चुकते ती मला माझ्या जागी हवी. मी वरिष्ठांना सगळं खरं सांगितलंय, ते तयार आहेत. तुझं हो वीस फेब्रुवारीपर्यंत लागेल. पत्राला तीन आठवडे लागतात, म्हणून एकच कर. माझा नंबर सोडव आणि नुसता मिसकॉल दे. बोलू नकोस. रागावलेली राहा. एक रिंग आली की मी समजेन."

आज सत्तावीस तारीख.

तुझा मला खूप राग आला, हे लिहून ठेवते. स्टँडवरची ती चेन मला बरोबर दिसली होती. पण तो राग धरून बसायला मला आज जागाच सापडेना, कारण तू तुझं खोटं कागदावर लिहून माझ्या घरी पाठवलंस आणि मी ते महिनाभर ज्वारीवर ठेवलं. माझं खोटंही ऐक. सुमित अकराव्या दिवशी निघून गेला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला. जुलैपासून मी एकटीच आहे. नाटक वगैरे काही झालं नाही. मी एकदा टेबलाच्या या बाजूला उभी राहून चुकते आणि धावत त्या बाजूला जाऊन स्वतःलाच विचारते, इज शी राईट? मुलं हसत नाहीत. त्यांना माझी काळजी वाटते.

तुझा नंबर सोडवलाय. एक रिंग दिली. आता हे लिहीत बसलेय आणि फोन उलटा ठेवलाय.

दैवाताई


जाफराबाद,
२३ मार्च २०२५

प्रिय रेणे,

त्या दिवशी तू उलट फोन केलास. आपण बोललो थोडं, रडलो जास्त, आणि माझी आई मागून म्हणत होती, "पैसे पडून राह्यले तिचे, जल्दी बोला." व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत हे तिला अजून पटलेलं नाही. फोनवर जे जमलं नाही ते लिहिते.

जागा गेली ती गेली. केनियाची ग्रेस एक तारखेपासून मारिसेलच्या जागी येणार, हे तू चारदा सांगितलंस आणि चारही वेळा माफी मागितलीस. आता पुरे. तू मला पाठवलेली खिडकी मीच आतून लावून घेतली, कडी माझ्याच हातात होती. हे लिहिताना मला ग्रेसचा हेवा वाटतोय का? वाटतोय. ती कोण आहे हेसुद्धा माहीत नाही, तरी वाटतोय. खोड जाणार नाही माझी एवढ्यात.

मारिसेलला माझा नमस्कार सांग. तिला सांग, मी तिच्याबद्दल आठ महिने वाईट बोलले. तिला मराठी येत नाही म्हणून तू गाळशील, गाळू नकोस. आणि विचार, तिच्या मुलीला काय आवडतं. आईने पुन्हा ठेचा करायला घेतलाय, तो काही तिकडे पोहोचायचा नाही, दुसरं काहीतरी पाठवीन.

आता ग्रेसबद्दल. तू म्हणालीस, ती म्हणते मी चुकायला तयार आहे, पण कसं ते सांगा. तर तिला सांग.

घाबरत चुकायचं नाही. घाबरत चुकलं की मुलांना दया येते आणि दयेत कोणी बोलत नाही. अगदी ठामपणे चुकायचं, तहसीलदारासारखं. चुकताना मुलांकडे बघायचं नाही, चित्राकडे बघायचं. पहिल्या बाकावरची हुशार पोरं लगेच ओरडतील, त्यांचं ऐकू आलं नाही असं दाखवायचं. मागच्या बाकावरचं मुकं पोर हललं की कान टवकारायचे. त्याने सुधारलं की लगेच शहाणं व्हायचं नाही, अजून एकदा चुकायचं, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा बोलावं लागतं. आणि हे तिच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे: वर्ग सुटला तरी हसू सुटत नाही. ते पाठीमागे येतं, बाजारात येतं, घरापर्यंत येतं. कोणीतरी म्हणतंच, ती बघ ती वेडी बाई. त्या वेळी तिला एकटी सोडू नकोस. तिच्या बरोबरीने चाल, काही न बोलता. तू माझ्याबरोबर स्टँडपर्यंत यायचीस. तुझं घर उलट्या दिशेला होतं, हे मला तीन वर्षं लक्षात आलं नाही.

अजून एक राहिलंय, ते सगळ्यात अवघड. मी तुला ऑगस्टमध्ये लिहिलं की मी छडी मुद्दाम म्हशीवर ठेवली. खोटं आहे ते. त्या दिवशी सकाळी कोर्टाचा कागद आला होता. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं, मला तक्ता दिसलाच नाही. छडी कुठे पडली ते मला पोरं हसली तेव्हा कळलं. मी पळून जाणार होते. दाराकडे एक पाऊल टाकलंही होतं. तू मध्ये आलीस आणि इतक्या शांतपणे विचारलंस, "चिल्ड्रन, इज शी राईट?", जसं काही आपण रात्रभर बसून ते ठरवलं होतं. तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना? आणि तू कोणाला सांगितलं नाहीस. मलाही नाही. मी गावभर सांगत सुटले की युक्ती माझी. तुला मुलाखतीत एकदा गप्प राहायचा मोह झाला, तो मी आता सोडून देते. माझ्यासाठी तू त्याआधी तीन वर्षं गप्प होतीस.

म्हणून ग्रेसला सगळ्या चुका दे. कांदा दे, सफरचंद दे, बसला बकरी म्हणू दे. म्हैस मात्र द्यायची नाही. म्हैस माझी आहे.

तुझ्या आईला घोंगडी परत द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही. "राहू दे तुलाच. पोरगी येईल तवा दोघी बसा तिच्यावर." ती मी दुसऱ्या खुर्चीवर घडी घालून ठेवलीय. ही घडी चांगली आहे, उघडायची घाई नाही. तुझा करार पुढच्या मेमध्ये संपतो, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय, कारण पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून मिळत नाही.

परवा वर्गात प्रियदर्शनीने विचारलं. आता सातवीत आहे, दोन वेण्या घालते, तोंड बंद होत नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हशीचं का करत न्हाई आता?"

मी म्हटलं, "अगं, त्याला दोन मॅडम लागतात."

तुझी,
दैवाताई